मूड किती, मॅडम?

मोहिते सर सकाळी सात वाजता शटरपाशी खडू घेऊन उभे असतात आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारतात, "मूड किती, मॅडम?"

चहा घेतला का, उशीर का झाला, ते काही नाही. मूड किती. दहापैकी सांगायचा. साडेपाच असला तर साडेपाच. अर्धा चालतो, पाव चालत नाही, पावाला फळ्यावर जागा पुरत नाही म्हणतात. सांगितला की ते आपल्या नावापुढं खडूनं लिहितात, वाकून, जीभ थोडी बाहेर काढून, आणि लिहून झालं की म्हणतात, "नोंद घेतली."

खारघरला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. आमचं म्हणजे सरांचं, पण आमचंच म्हणायचं असा त्यांचा नियम आहे. सहा बाया कामाला. सर आधी बेलापूरला एका सरकारी ऑफिसात आवक-जावकला होते. जन्मभर कागद आत घेतले आणि बाहेर पाठवले. रिटायर झाल्यावर चपात्या बाहेर पाठवायला लागले, पण सवय तीच. वाटाण्याची पिशवी आली तरी तिच्यावर तारीख टाकतात.

मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा माझी लेक सई सहा महिन्यांची झाली होती. मला तसं सगळ्याचंच भ्या वाटतं. लिफ्टचं वाटतं, फॉर्म भरायचं वाटतं, कोणी मोठ्यानं शिंकलं तरी माझ्या छातीत धडधडतं. त्यात हा उंच माणूस, शर्ट इन केलेला, खिशाला दोन पेनं, आणि विचारतो मूड किती. मला वाटलं हीच परीक्षा. मी आठवीपर्यंत शिकलेली, शाळेत कधी पस्तीसच्या वर गेले नाही. म्हणलं कमी कशाला सांगा. मी म्हणाले, "दहा."

"दहापैकी दहा? वा! नोंद घेतली," सर म्हणाले, आणि मला काउंटरला उभं केलं.

कारण त्या आकड्यावर काम मिळतं. नऊ-दहावाल्या काउंटरला, गिऱ्हाइकाला हसरं तोंड पाहिजे म्हणून. साडेपाच ते साडेआठवाल्या लाटायला नाहीतर तव्यावर. पाच आणि पाचाच्या खाली कणकेला. सरांचं म्हणणं असं की मन खट्टू असलेलं माणूस तव्यावर गेलं तर हात भाजून घेतं आणि काउंटरला गेलं तर गिऱ्हाइकाला भाजतं. कणीक मात्र उलटून बोलत नाही. तिला हवं तेवढं हाणा. हे खरं पण आहे हो. आमच्या शेवंतामावशी, खारघरच्या जुन्या गावातल्या, सुनेशी भांडून आल्या की त्या दिवशीच्या चपात्या संध्याकाळपर्यंत मऊ. गिऱ्हाईक फोन करून विचारायचं, आज काय वेगळं घातलं? सर सांगायचे, "घरगुती कारण आहे."

आता माझी गंमत बघा. मला सगळ्यात भ्या कशाचं, तर अनोळखी माणसाचं. आणि मी भ्यायले म्हणून दहा सांगितला, आणि दहा सांगितला म्हणून रोज दिवसभर अनोळखी माणसांच्याच पुढं. कोणी इंग्रजीत बोलायला लागलं की माझ्या हातून चमचा पडायचा आणि तो शोधायला मी खाली बसायचे, ते माणूस जाईपर्यंत चमचा सापडायचा नाही. तरी दुसऱ्या दिवशी परत दहा. एकदा सांगितलेला कमी कसा करायचा? सरांना वाटेल ही घसरली.

सरांचा आवडता शब्द मनोबल. "मनोबल खचता कामा नये, मॅडम. माणूस आधी, चपाती नंतर." ऑफिसातून रिटायर होताना त्यांना लॅमिनेशनचं जुनं मशीन भेट मिळालं होतं. त्याच्यातून ते आमचं मनोबल काढतात, म्हणजे प्रशस्तिपत्रकं. आमच्यातल्या ज्योतीला मिळालं, "डाळ सलग महिनाभर न लागू दिल्याबद्दल". मला मिळालं, "एकही रजा न घेतल्याबद्दल", खाली सही, शिक्का, सगळं. घरी नेलं तर माझा नवरा पांढराफटक पडला. त्याला वाटलं खोली खाली करायची नोटीस. तो मार्केटात टेम्पोवर असतो, कागदावर शिक्का दिसला की त्याचं पोट दुखतं. आम्ही दोघं एकाच मातीचे.

तक्रारीसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. नाव लिहायचं नाही, बिनधास्त लिहा म्हणतात. एकदा कोणीतरी लिहिलं, सर फार बोलतात. सरांनी ती चिठ्ठी मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचली, "नोंद घेतली" म्हणाले, आणि त्याच विषयावर पाऊण तास बोलले. तोपर्यंत भाजी तळाला लागली. दुसऱ्या दिवशी डब्यात सरांच्याच अक्षरात चिठ्ठी होती, काल भाजी लागली, जबाबदार मोहिते.

आणि सहल! मनोबल सहल म्हणून सरांनी आम्हाला मेट्रोत बसवलं. बेलापूरपासून पेंधरपर्यंत आणि पेंधरपासून परत. उतरायचं कुठंच नाही. सगळ्यांना एकेक चिक्की दिली आणि म्हणाले, "गार हवेत बसा, मन मोकळं करा." आम्ही सहा जणी ओळीनं बसून चिक्की चावतोय, आणि सर समोर दांडा धरून उभे, आमची मनं मोकळी होतायत का ते बघत. शेवंतामावशी म्हणाल्या, "सर, तुमी असं बघाला लागलं तर मन मोकलं कसं व्हईल? तिकडं तोंड करा." सर खरंच तिकडं तोंड करून उभे राहिले.

एक गोष्ट आम्हाला कळायची नाही. रोज बाराच्या सुमाराला सरांना फोन यायचा. ते फूटपाथवरच्या बदामाखाली जायचे आणि ओरडायचे, "दहा! अगं, दहापैकी दहा!" फोन सुमन मॅडमचा, म्हणजे त्यांच्या मिसेसचा. त्या पुण्याला मुलाकडं असतात. नातू झाला, सून नोकरीला, म्हणून तीन महिन्यांसाठी गेल्या त्याला चार वर्षं झाली. हे केंद्र खरं तर त्यांनीच काढलेलं, सर नंतर आले. आम्हाला वाटायचं सर रोज आमचा मूड त्यांना कळवतात, हेडऑफिसला कळवावं तसा.

असं सगळं बरं चाललं होतं. मग ज्योतीनं बातमी आणली.

"मी ह्या कानांनी ऐकलं," ती म्हणाली. "सर कोणाला तरी विचारत होते, कणीक मळायचं मशीन केवढ्याला. कळतंय का? मशीन आलं की कणकेवाल्या कशाला पाहिजेत? फळ्यावर ज्यांचं पाचाच्या खाली, त्यांना टाटा बाय बाय. म्हणूनच तर रोज लिहून ठेवतात."

 माझा तर रोजचा दहाच होता, पण तो खोटा होता ना, आणि खोटं माणूस आधी पकडलं जातं. नवऱ्याच्या एकट्याच्या टेम्पोवर आमचं भागत नाही. हे काम गेलं तर सईला घेऊन गावाला जायचं, असं घरात ठरलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खडू घेऊन उभे. ज्योती, दहा. मी, दहा. मागच्या तिघी, दहा, दहा, दहा. शेवंतामावशी, ज्यांनी दीड वर्षात चारच्या वर कधी सांगितला नव्हता, त्या दात ओठ खाऊन म्हणाल्या, "धा!"

सरांचा खडू हातात तसाच राहिला. मग चेहरा असा फुलला, काय सांगू. "शंभर टक्के मनोबल!" म्हणाले, आणि स्वतः जाऊन पेढे घेऊन आले.

पण नियम तो नियम. दहावाल्या काउंटरला. आता आमचं काउंटर केवढं, दोन बायांचं. तिथं आम्ही सहा जणी चिकटून उभ्या, सगळ्या हसतोय. एक आजोबा रोज दोन चपात्या आणि उसळ न्यायचे. ते आले, सहा बाया दात दाखवून बघतायत म्हणल्यावर एक पाऊल मागं गेले, म्हणाले, "नंतर येतो."

आणि कणीक? कणकेला कोणी नाही. "दहा मूडच्या माणसाला मी कणकेत कसा टाकू, मॅडम? फळा खोटा पडेल." म्हणून सर स्वतः मळायला बसले, लाटायला-भाजायला आम्ही काउंटरवरून आळीपाळीनं पळायचो. त्यांना वाटायचं कणीक म्हणजे पाणी ओतलं आणि हलवलं. त्या चपात्या दुपारपर्यंत अशा झाल्या की डब्यात वाजायच्या. दोन डबे परत आले. ज्या कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलला आमचे डबे जातात, तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या, शनिवारपर्यंत बघू, नाहीतर दुसरीकडं लावू.  सर दोन दिवस फळ्यापुढं उभे राहून ते सहा दहा बघायचे आणि डोकं खाजवायचे.

त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई गावाला गेल्या, नणंदेचं बाळंतपण. सई शेजारणीकडं. दोन दिवस तिनं सांभाळली, तिसऱ्या दिवशी सकाळी सईचं अंग गरम. शेजारीण म्हणाली, "ताप आलेलं लेकरू मी नाही ठेवत बाई, माझी पण आहेत." नवरा पहाटेच गेलेला. सुट्टी मागावी तर माझं लॅमिनेशन केलेलं की एकही रजा नाही. आणि मशीन येणार. मी सईला ओढणीत गुंडाळलं आणि पावणेसातलाच केंद्रावर गेले. शेवंतामावशी किल्ली आणतात, त्या भाजी धूत होत्या, त्यांची पाठ होती. मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांमागं कणकेची मोठी परात असते, पाळण्याएवढी. तिच्यात ओढणी घातली, सईला ठेवलं. ती झोपलेली. मी मागच्या दारानं बाहेर पडले, फिरून पुढून आले.

"मूड किती, मॅडम?"

"दहा," मी म्हणाले. आवाज कुठून आला मलाच माहीत नाही.

सरांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. लिहिलं. "नोंद घेतली" म्हणाले नाहीत. मग बाह्या वर केल्या, हात धुतले आणि मागच्या खोलीकडं निघाले. परात आणायला.

"सर, मी आणते!" मी ओरडलेच.

"तुम्ही काउंटर, मॅडम. दहा आहे तुमचा."

मला वाटलं आता धरणी फाटेल तर बरं. आतून काहीच आवाज नाही. मग सर बाहेर आले. दोन्ही हातांत परात, आरतीचं ताट धरावं तशी, पाऊल मोजून टाकत. परातीत सई. ती जागी झाली होती आणि त्यांच्या खिशाचं पेन धरून बसली होती.

"ही कोण?" सर हळू आवाजात म्हणाले. "हजेरीत नाव नाही."

मी रडायलाच लागले. सगळं एका दमात सांगून टाकलं, सासूबाई, शेजारीण, ताप, गाव, मशीन, रोजचा दहा खोटा, पहिल्या दिवसापासूनचा खोटा. सरांनी परात टेबलावर ठेवली, सईच्या कपाळाला हात लावला. मग माझ्याकडं वळले.

"हिला ताप, आणि तुम्ही दहा?"

"कमी सांगितला तर काढाल ना, सर. मशीन आलं की कणकेवाल्यांना."

"कोण म्हणालं?"

ज्योती एकदम डाळ निवडायला लागली.

सर तेलाच्या डब्यावर बसले. "अहो, मशीन मी मावशींच्या मनगटासाठी विचारत होतो. त्या रोज रात्री लेप लावतात, मला माहीत आहे." मग म्हणाले, "आणि फळा म्हणजे काढायची यादी वाटली तुम्हाला? ऑफिसात इतकी वर्षं काढली, रोज विचारायचे, फाइल कुठं आहे. माणूस कसं आहे हे एकानं विचारलं नाही. तेव्हाच म्हणलं होतं, आपलं काही निघालं तर आधी हे विचारायचं. आणि तुम्ही मला भिऊन दहा सांगताय."

 सर उठले, मला म्हणाले, "चला." वरच्या मजल्यावर लहान मुलांचा दवाखाना आहे, सकाळी लवकरच उघडतो. सर सईला खांद्यावर घेऊन पुढं, मी मागं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, म्हणाल्या दात येतायत, बाकी काही नाही, औषध दिलं. सर जिना उतरताना सईला म्हणाले, "दात येतायत तर सांगायचं ना. नोंद घेतली असती."

खाली आल्यावर सरांनी ओलं फडकं घेतलं आणि फळ्यावरचे सगळे दहा पुसले. "आता परत. खरं."

"साडेतीन," ज्योती म्हणाली. "घरी लग्नाचं बघतायत, मला नाही करायचं इतक्यात. आणि मशीनचं मी बोलले. म्हणून अजून एक कमी करा."

"तीन," शेवंतामावशी म्हणाल्या. "मनगट ठनकतंय. आनि सून तं हायच."

मी म्हणाले, "दोन." इतकं हलकं वाटलं की मग म्हणलं तीन करा. मागच्या तिघी पण चार, पाच, साडेचार. सरांनी खाली नवीन ओळ काढली, सई, आणि तिच्याकडं बघितलं. ती रडायच्या बेतात होती. "एक," सरांनी लिहिलं.

सगळ्या कणकेवाल्या! काउंटरला कोणीच नाही! सर असे खूश झाले, पेढ्यांच्या दिवशी झाले नव्हते तेवढे. पळत जाऊन कागद लिहिला, लॅमिनेशनच्या मशीनमधून काढला आणि शटरवर लावला, "कर्मचारी खरं बोलत आहेत. कृपया अर्धा तास थांबावे." परात काही त्यांनी मागू दिली नाही. "आज परात तिची." मग आम्ही पातेल्यात, झाकणात, मिळेल त्याच्यात कणीक घेतली आणि जी हाणायला सुरुवात केली! ज्योती तर एकेका बुक्कीला एकेका स्थळाचं नाव घेत होती. त्या दिवशीच्या चपात्या होस्टेलला गेल्या आणि तासाभरात तिथल्या बाईंचा फोन, शनिवारचं विसरा म्हणाल्या.

बाराच्या सुमाराला दुसरी कणीक मळता मळता माझं लक्ष फळ्यावर गेलं. सगळ्यात वर, जिथं आपण कधी बघत नाही, तिथं लिहिलं होतं, मोहिते, दहा. सरांनी सगळा फळा पुसला होता, तो दहा तसाच. मी जवळ जाऊन बोट फिरवलं. तो खडूचा नव्हताच. ऑइलपेंटनं लिहिलेला होता.

मी कशी बोलले मला माहीत नाही. त्या दिवशी मी एवढी रडले होते की भ्यायला काही उरलंच नव्हतं बहुतेक.

"सर, तुमचा किती?"

"माझा लिहिलेलाच आहे की."

"तो रंगाचा आहे, सर. खडूचा सांगा."

सर हसले. मग हसायचे थांबले. खडू ह्या बोटातून त्या बोटात करत उभे राहिले. शेवंतामावशींनी पण मळायचं थांबवलं. "आता काय सांगू," ते म्हणाले, "घरी गेलं की टीव्ही लावतो. बातम्यांवाली बाई बोलते, बरं वाटतं. रविवारी केंद्र बंद असतं, तरी येऊन बसतो इथं. पाच असेल. तुम्ही विचारलंत म्हणून साडेपाच करा."

तेवढ्यात बारा वाजले, फोन आला. आज सर बदामाखाली गेले नाहीत, सई खांद्यावर पेंगत होती, ती उठेल म्हणून. तिथंच उभ्यानं बोलले.

"हां, बोल. मी? द..." म्हणाले आणि आमच्याकडं बघितलं. आम्ही सहाही जणी त्यांच्याकडं बघत होतो. "साडेपाच," ते म्हणाले. "नाही गं, तब्येत बरी आहे. नुसताच साडेपाच. रोजचा दहा? तो, तू तिकडं काळजी करशील आणि सगळं टाकून येशील म्हणून."

 मग सरांनी, आम्हाला रोज सात वाजता विचारतात ते, आजवर फोनवर आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते, विचारलं.

"तुझा किती?"

तिकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. सरांचा हात सईच्या पाठीवर थोपटत होता, तो थांबला, परत थोपटायला लागला. "नोंद घेतली," ते म्हणाले, अगदी हळू, आणि फोन ठेवला.

मग त्यांनी खडू घेतला. सईच्या नावाखाली जरा जागा होती, तिथं वाकून लिहिलं, जीभ थोडी बाहेर काढून. सुमन, चार.

शेवंतामावशींनी पदरानं हात पुसले, डोळे बारीक करून ते वाचलं.

"चार?" त्या म्हणाल्या. "चार म्हंजे कनकीला. बोलवा तिला, सर. इथं मानूस कमी हाय."